महामंडळाला इशारा : मुदत 14 दिवस

महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाचे अध्यक्ष, संचालक मंडळ आणि राज्य सरकार यांस.

आम्ही धाराशिव विभागातले एसटी कामगार. चालक, वाहक, यांत्रिक, आगारातले लिपिक. तेरमध्ये जमून हे लिहितो आहोत.

हा अर्ज नाही. अर्ज करून झाले. निवेदनं देऊन झाली. पोच घेऊन झाली. हा इशारा आहे.

आमची मागणी साधी होती. इतर राज्यांच्या बससेवेजवळ आपली बससेवा ठेवा आणि तीन गोष्टी तपासा. पगार किती. कामावर कोण घेतलं जातं, कोण बाहेर राहतं. आणि कारभार कोणाच्या हाती असतो, किती काळ असतो.

तुम्ही तपासलं नाही. म्हणून आम्ही तपासलं.

तेर हे संत गोरोबाकाका कुंभारांचं गाव. थापटणं हाती घेऊन कच्चं कोणतं, पक्कं कोणतं, याची पारख इथे झाली आहे. संत नामदेवांनाही त्या पारखीतून सूट मिळाली नाही. महामंडळालाही मिळणार नाही.

आधी पगार.

उमरगा ओलांडला की कर्नाटक. हैदराबादचा रस्ता आमच्याच जिल्ह्यातून जातो. तिकडच्या गाड्या आमच्या गाडीशेजारी फलाटावर लागतात. चालक चालकाशी बोलतो. कोणाच्या हातात किती पडतं, हे आमच्यापासून लपून राहिलेलं नाही.

आंध्र प्रदेशाने 1 जानेवारी 2020 रोजी आपल्या परिवहन महामंडळाचे कर्मचारी सरकारी सेवेत घेतले.

तेलंगणात 2019 साली 52 दिवस संप चालला. सुमारे 48 हजार कामगारांनी स्वतःहून नोकरी सोडली असं समजू, असं तिथले मुख्यमंत्री म्हणाले. ऑगस्ट 2023 मध्ये त्याच सरकारने विधानसभेत कायदा केला. 43 हजारांहून अधिक कामगारांना शासनात सामावून घेण्याचा. त्याची अंमलबजावणी रेंगाळली, हे आम्ही जाणतो. पण तिथे कायदा झाला.

महाराष्ट्रात काय झालं?

ऐन दिवाळीत, 2021 साली, सरकारी सेवेत विलीनीकरण मागत आम्ही थांबलो. एप्रिल 2022 पर्यंत थांबलो. निलंबनं झाली. बडतर्फी झाली. काही सहकाऱ्यांनी जीव दिला. त्यांच्या घरी आम्ही गेलो आहोत. ते आम्ही विसरलेलो नाही. विसरणारही नाही.

सरकारच्या समितीने सांगितलं, विलीनीकरण शक्य नाही. उच्च न्यायालयाने सांगितलं, 22 एप्रिलपर्यंत कामावर जा. आम्ही गेलो. न्यायालयाचा मान राखला. ते आमचं कर्तव्य होतं. त्याला शरणागती समजू नका.

त्या संपात मिळालं ते एवढं. 10 वर्षांपर्यंत सेवा असेल तर मूळ वेतनात 5000 रुपये. 20 वर्षांपर्यंत 4000. त्यापुढे 2500. ज्याने हाडं जास्त झिजवली, त्याच्या वाट्याला कमी. नवख्या कामगाराचं एकूण वेतन 17,395 रुपयांवरून 24,595 झालं. म्हणजे त्याआधी ते 17 हजारांच्या घरात होतं. 40–50 जीव मागे बसवून घाट उतरणाऱ्या माणसाचं मोल तुम्ही तेवढंच धरलं होतं.

सप्टेंबर 2024 मध्ये पुन्हा थांबावं लागलं. तेव्हा मूळ वेतनात 6500 रुपयांची वाढ जाहीर झाली. थांबल्याशिवाय काही मिळालं, असं आम्हाला आठवत नाही. हा धडा तुम्हीच शिकवला आहे.

एप्रिल 2025. मार्च महिन्याचा पगार आला तो 56 टक्के.

पुन्हा वाचा. 56 टक्के.

काम शंभर टक्के झालं होतं. फेऱ्या सुटल्या होत्या. भरणा झाला होता. 75 वर्षांवरच्यांना मोफत आणि महिलांना अर्ध्या तिकिटात आम्ही नेलं. आनंदाने नेलं. ती माणसं आमच्याच घरातली आहेत. पण सवलतीचे पैसे सरकारने महामंडळाला द्यायचे असतात. ते अडले, की आमचा पगार अडतो. सवलत जाहीर करणाऱ्याचं मानधन त्या महिन्यात अडलं का, याचं उत्तर आम्हाला हवं आहे.

जून 2025 ची श्वेतपत्रिका तुमची आहे. संचित तोटा 10 हजार कोटींच्या वर. भविष्य निर्वाह निधी आणि उपदानाची रक्कम थकलेली. निर्वाह निधीत आमच्या पगारातून कापलेला पैसा असतो. तो आमचा आहे. तोट्याच्या रकान्यात तो बसत नाही.

त्यानंतर 17,450 चालक आणि सहायक कंत्राटी पद्धतीने घेण्याची घोषणा झाली. वेतन सुमारे 30 हजार. त्या तरुणांशी आमचं भांडण नाही. तीही आमचीच पोरं. पण 2021 साली कायम कामगाराला 17 हजारांवर राबवणाऱ्यांनी कंत्राटासाठी 30 हजार कुठून काढले, हा हिशेब आम्ही मागतो. लेखी मागतो.

आता कायदा.

मार्ग परिवहन महामंडळ कायदा, 1950. याच कायद्याने तुम्ही अस्तित्वात आहात. त्याचं कलम 19 पाहा. कर्मचाऱ्यांना योग्य वेतन, भविष्य निर्वाह निधी, राहण्याची सोय, विश्रांतीची जागा. सगळं तिथे लिहिलेलं आहे. पंचाहत्तर वर्षं लिहिलेलं आहे.

मुक्कामी गाडीचे चालक-वाहक रात्री कुठे झोपतात, ते एकदा येऊन पाहा. गाडीतच. सिटांच्या मधल्या जागेत. डास, उकाडा, पावसात गळणारं छत. पहाटे उठून उघड्यावर जायचं आणि सहाच्या आत गाडी काढायची. वाहक बाई असेल तर तिने काय करायचं, हे कोणत्याही परिपत्रकात नाही.

इथून दुसरी गोष्ट सुरू होते. कामावर कोण.

तमिळनाडूत सरकारी बसच्या चाकावर बाई बसली ती 1993 साली. दिल्लीने 2015 साली महिला चालक घेतली. ती तेलंगणातून आलेली होती.

आमच्या महामंडळाने 2019 साली महिला चालकांचा गाजावाजा केला. आदिवासी मुलींना प्रशिक्षण देणार, असं सांगितलं. पहिल्या महिला चालकाच्या हाती प्रवासी गाडी यायला 2023 उजाडलं.

तमिळनाडूच्या 30 वर्षं मागे. सावित्रीबाईंचं नाव घेणाऱ्या राज्यात.

त्या मुलींनी परीक्षा दिल्या. वर्षानुवर्षं वाट पाहिली. आगारात बायकांसाठी धड विश्रांतिगृह नाही, हे कारण आम्हाला सांगू नका. ते बांधणं तुमचं काम होतं.

तिसरी गोष्ट. नेतृत्व.

तेलंगणात 2021 ते 2025 एकच व्यवस्थापकीय संचालक होते. चार वर्षं. त्यांचं सगळं आम्हाला पटतं असं नाही. पण माणूस टिकला, म्हणून जाब कोणाला विचारायचा हे कामगाराला ठाऊक होतं.

आमच्याकडे सप्टेंबर 2024 मध्ये एक आमदार अध्यक्ष झाले. 2025 च्या सुरुवातीला एक सनदी अधिकारी. त्याच एप्रिलात परिवहनमंत्री. वर्षही पुरं झालं नव्हतं.

जानेवारी 2025 मध्ये परिवहनमंत्र्यांकडेच धाराशिवचं पालकमंत्रिपद आलं. खातं त्यांचं. अध्यक्षपद त्यांचं. जिल्हा त्यांच्या पालकत्वाखाली. मग हा कागद आता कोणाकडे पाठवायचा हा प्रश्न उरला नाही. आम्ही तो योग्य टेबलावर ठेवतो आहोत.

पगाराची वेळ आली, की तुम्ही सांगता, तुम्ही सरकारी कर्मचारी नाही. संपाची वेळ आली, की मेस्मा कायदा काढता आणि सांगता, ही अत्यावश्यक सेवा आहे. दोन्ही एकाच तोंडाने यापुढे चालणार नाही.

आम्ही धीर धरला. 2022 मध्ये धरला. 56 टक्के पगार हातात आला तेव्हाही धरला. त्या महिन्यातही गाड्या सुटल्या. तुळजापूरच्या नवरात्राला जादा गाड्या आम्ही चालवतो. आषाढीला पंढरपूरला आम्ही असतो. घरची दिवाळी आगारात जाते. भाऊबीज फलाटावर.

या गावातून दोन हजार वर्षांपूर्वी कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जात असे. तगर हे तेव्हाचं नाव. ग्रीक खलाशाने ते नोंदवलं, रस्ता अवघड होता हेही नोंदवलं. गाडीवानाच्या कष्टावर हे गाव मोठं झालं. त्या कष्टाची किंमत इथल्या माणसाला सांगावी लागत नाही. मुंबईला सांगावी लागते.

आता काय हवं ते ऐका.

महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र आणि तेलंगण यांचा तक्ता प्रसिद्ध करा. पदवार पगार, महिलांचं प्रमाण, वरिष्ठ पदांवरचा कार्यकाळ. आकडे तुमचे, सही तुमची. प्रत्येक आगाराच्या फलकावर लावा. थकलेला निर्वाह निधी कोणत्या तारखेला भरणार, ती तारीख द्या. पगार महिन्याच्या 7 तारखेच्या आत, पूर्ण, सवलतीची रक्कम आली असो वा नसो. मुक्कामाच्या प्रत्येक गावी झोपायला छत आणि बायकांसाठी स्वतंत्र खोली. संचालक मंडळावर गुप्त मतदानाने निवडलेला कामगार. नेमलेला नको.

यातलं एकही अशक्य नाही. तक्त्याला तर पैसाही लागत नाही.

संपाची कायदेशीर नोटीस या कागदासोबत दिली आहे. कायदा 14 दिवस सांगतो. आम्हीही तितकेच देतो. एकही जास्त नाही.

15 व्या दिवसापासून आम्ही नियमाने काम करू.

नियमाने म्हणजे काय, ते तुमचे अधिकारी जाणतात. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने 2025 पर्यंत घालून दिलेले तास. दिवसाला 8 तास. आठवड्याला 48. सलग 5 तासांनंतर अर्धा तास विश्रांती. डबल ड्यूटी बंद. टायर गुळगुळीत असेल, वायपर चालत नसेल, प्रथमोपचार पेटी रिकामी असेल, अग्निशामक नसेल, तर चालक तसं लिहून देईल आणि ती गाडी आगाराबाहेर पडणार नाही. यांत्रिक खोटी सही करणार नाही.

एवढंच करू. तुमच्याच नियमांनी किती गाड्या बाहेर पडतात, ते राज्याला दिसेल.

तेवढ्याने भागलं नाही, तर चाकं थांबतील. दिवस आम्ही ठरवू. सणासुदीचा गैरफायदा घेणार नाही. दवाखान्याला निघालेला माणूस आणि परीक्षेला निघालेलं पोर अडकणार नाही, याची सोय आम्ही करू. गावोगावच्या सरपंचांशी आणि शाळांशी बोलणं सुरू केलं आहे.

प्रवाशांना एक शब्द. बायाबापड्यांनो, तुमच्या विरोधात हे नाही. खटाऱ्यात बसवून तुम्हाला नेलं जातं, तेव्हा तुमचा जीव आणि आमचा जीव एकाच ब्रेकवर असतो.

कंत्राटी चालक आणून आम्हाला फोडता येईल, असा कोणी हिशेब मांडत असेल तर तो आजच खोडावा. आम्ही त्यांच्याशी बोललो आहोत.

निलंबनाची धमकी नको. ती आम्ही पाहिली आहे. भोगली आहे.

चर्चेला यायचं असेल तर या. मुंबईला बोलावू नका. विभागाच्या ठिकाणी, धाराशिवला बसू. निर्णयाचा अधिकार असलेला माणूस पाठवा. ऐकून घेऊन वर कळवतो म्हणणारा नको. बोलणी झाली तर इतिवृत्त त्याच दिवशी, दोन्ही बाजूंच्या सह्यांनी.

तोंडी आश्वासन स्वीकारलं जाणार नाही.

उत्तर लेखी द्या. 14 व्या दिवशी संध्याकाळी 6 पर्यंत ते आलं नाही, तर 15 व्या दिवशी पहाटे पहिल्या फेरीआधी प्रत्येक आगारात गाड्यांची तपासणी सुरू होईल.

आपले,
धाराशिव विभागातील एसटी कामगार
तेर