एक डोळा झाकून बघा ना!

"चढली बाई ती आता! समोरून गेलं तरी ओळख देत नाही." संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अकोल्यात हे वाक्य माझ्या कानावर पडलं. बोलणं चाललं होतं माझ्या सख्ख्या मावशीबद्दल. जठारपेठेत जिची उभी हयात गेली, गल्लीतल्या प्रत्येकीच्या बाळंतपणाला जी धावून गेली, ती मावशी चढेल? मला रागच आला.

रात्री भांडी आवरताना तिलाच विचारलं. ती हळूच म्हणाली, "बाई, मले तुही साडी दिसते, पायातले जोडवे दिसतेत. पण तोंडाच्या जागी निस्तं भुरकं दिसते. वय झालं आता, चालाचंच."

मैत्रिणींनो, इथेच आपण सगळ्या फसतो. म्हातारपणी दिसेनासं झालं की आपल्याकडे एकच शब्द, मोतीबिंदू. 'पिकू दे, मग काढू.' मावशीच्या मुलानेही तेच धरून ठेवलं होतं. पण मोतीबिंदूत सगळंच धुरकट होतं. कडेचं नीट दिसतं आणि नेमकं मधलंच पुसलं जातं, तेव्हा दुखणं बहुधा डोळ्याच्या मागच्या पडद्याचं असतं. या पडद्याच्या मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढी जागा असते, तिला मॅक्युला म्हणतात. वाचणं, सुईत दोरा ओवणं, माणसाचा चेहरा ओळखणं ही सारी कामं त्या दाण्यावर चालतात. पन्नाशीनंतर काहींचा हा दाणा झिजू लागतो. डॉक्टर त्याला 'एएमडी' म्हणतात.

त्याचे दोन प्रकार. कोरडा प्रकार सावकाश, वर्षानुवर्षं चालतो. ओल्या प्रकारात पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या फुटतात, पाझरतात आणि काही आठवड्यांत नजर घेऊन जातात. कोरड्याचा ओला कधी होईल, सांगता येत नाही. सरळ रेघ वाकडी दिसू लागली तर मात्र एक दिवसही थांबू नका.

पण हे लवकर कळत का नाही? कारण दोन्ही डोळे एकमेकांना सांभाळून घेतात. एक बिघडला तरी दुसरा त्याचं काम करून टाकतो, घरातल्या मोठ्या सुनेसारखं! म्हणून एकेक डोळा झाकून बघायचं. चष्मा लावायचा, भिंतीवरचं कालनिर्णय वाचायच्या अंतरावर धरायचं, एक डोळा तळहाताने झाकायचा आणि मधल्या एका तारखेवर नजर ठेवायची. भोवतीच्या चौकटी सरळ दिसतात का? एखादी वाकलेली, पुसलेली वाटते का? मग दुसरा डोळा. डॉक्टरांकडे याच कामाचा चौकटींचा कागद असतो, आम्सलर नावाच्या स्विस नेत्रतज्ज्ञाने तयार केलेला.

मावशीला मी अमरावतीला माझ्याकडे आणलं. थेंब टाकून बाहुली मोठी केली, पडदा तपासला, ओसीटी नावाचा फोटो काढला. तो अजिबात दुखत नाही. डावा डोळा ओला निघाला, उजवा कोरडा. उपचार म्हणजे डोळ्यात इंजेक्शन! ऐकूनच मावशीने पदर तोंडाला लावला. पण आधी बधिर करणारे थेंब टाकतात, नंतर टोचल्याचं फारसं कळत नाही. बहुतेक वेळा पहिले तीन महिने दर महिन्याला, पुढे डॉक्टर ठरवतील तसं. यातलं एक औषध मुळात आतड्याच्या कर्करोगासाठी निघालेलं. 2011 साली अमेरिकेतल्या मोठ्या तपासणीत ते डोळ्यासाठीच्या महागड्या औषधाच्या तोडीचं ठरलं. म्हणून स्वस्त पर्याय आहे का, हे डॉक्टरांना न लाजता विचारा. इंजेक्शननंतर थोडी लाली येते, पण दुखणं वाढत गेलं किंवा नजर उतरली तर त्याच दिवशी परत जा.

गेलेली नजर बहुतेकदा पूर्ण परत येत नाही, राहिलेली वाचवायची असते. म्हणून फेऱ्या चुकवायच्या नाहीत. अकोला-अमरावती महामार्ग 2022 मध्ये पंच्याहत्तर किलोमीटर डांबर पाच दिवसांच्या आत टाकून गिनीज बुकात गेला, तो आम्हाला असा कामी येतोय! पंच्याहत्तरीपुढे 2022 पासून एसटी फुकट, आणि बायांना 2023 पासून अर्धं तिकीट. मावशीचा प्रवास फुकट, माझा अर्ध्यात.

कोरड्या प्रकाराला ही इंजेक्शनं नाही चालत. दुखणं मधल्या टप्प्यावर असेल तर ल्युटिन, जस्त, क आणि ई जीवनसत्त्वाच्या ठरावीक मात्रेच्या गोळ्या त्याचा वेग कमी करतात. दुकानातून आपल्या मनाने घेऊ नका. पालक, मेथी ताटात असू द्या, पण भाजीने गोळीची मात्रा भरून निघत नाही. आणि घरातल्या विडी-सिगारेटवाल्यांना सांगा, त्यांना हा धोका दोन ते चार पट असतो. आईला असेल तर मुलांनीही तपासून घ्यायचं. मी घेतलं.

एक गोष्ट मात्र मावशीने खूप उशिरा सांगितली. तिला संध्याकाळी अंगणात फुलं दिसायची, कधी लहान पोरं. तिथे कोणीच नसायचं. 'डोकं फिरलं म्हणतील, नाहीतर बाधा झाली म्हणतील,' या भीतीने ती वर्षभर गप्प होती. शेजारणीने अंगारा आणला असता तर मुलाने नाही म्हटलं नसतं, हेही खरं. डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं. 1760 साली चार्ल्स बॉनेट या स्विस विद्वानाने आपल्या नजर अधू झालेल्या आजोबांचं असंच लिहून ठेवलंय. डोळ्यांकडून खबर येणं कमी झालं की मेंदू आपल्या मनाची चित्रं काढतो. वेड नाही, बाधा नाही. तुमच्या घरातली आजी असं काही बोलली तर हसू नका, झटकूही नका. डॉक्टरांपुढे तिलाच बोलू द्या.

मावशी आता वाती वळते, बोटांनी. डाळ निवडायला खिडकीपाशी बसते, मूठ असलेलं भिंग घेते. आणि गल्लीतल्या बायांना मी सांगून टाकलंय, समोर आलात की आधी आपलं नाव सांगत जा. परवा एकीने सांगितलं, तर मावशी म्हणाली, "आवाजावरूनच समजलं होतं बाई, पण सांगत जाय."