विश्लेषण | प्रोस्टेट कॅन्सरचा धोका आजोळकडूनही येतो. ब्रिटनच्या शिफारशीत आपल्या कामाचं काय?

ब्रिटनच्या राष्ट्रीय तपासणी समितीने 28 नोव्हेंबर 2025 रोजी प्रोस्टेट कॅन्सरबाबत एक मसुदा शिफारस जाहीर केली. सगळ्या पुरुषांची सरसकट पीएसए तपासणी करू नका, असं समिती म्हणते. मात्र ज्यांच्यात बीआरसीए-1 किंवा बीआरसीए-2 या जीनमधला दोष असल्याचं सिद्ध झालंय, त्यांना 45 ते 61 या वयात दर दोन वर्षांनी तपासणीला बोलवा, असंही तिने सुचवलंय. तिथल्या रुग्णसंघटना यावर नाराज झाल्या. सगळ्यांसाठी नाही तरी धोका जास्त असलेल्या आणखी पुरुषांसाठी तपासणी हवी होती, असं त्यांचं म्हणणं.

आता बीआरसीए म्हटलं की बायकांचा स्तनाचा कॅन्सर आठवतो. अँजेलिना जोलीने 2013 मध्ये याच कारणाने ऑपरेशन करून घेतलं होतं. मग हा जीन पुरुषांच्या आजारात कुठून आला?

तर हा जीन बाई-पुरुष सगळ्यांच्यात असतो. पेशीतला डीएनए रोज कुठे ना कुठे तुटतो, तो सांधायचं काम याचं. गावात वायर तुटल्यावर जोडणारा वायरमनच नसेल तर काय होईल, तसं समजा. दुरुस्ती नीट झाली नाही की बिघाड साठत जातो. बाईमध्ये तो स्तनाच्या किंवा अंडाशयाच्या कॅन्सरच्या रूपात दिसतो, पुरुषात प्रोस्टेटच्या, आणि क्वचित पुरुषालाही स्तनाचा कॅन्सर होतो. प्रोस्टेटच्या बाबतीत बीआरसीए-2 जास्त घातक. ब्रिटन-आयर्लंडमधल्या एका अभ्यासात या जीनचा दोष असलेल्या पुरुषांना वयाच्या 85 पर्यंत प्रोस्टेट कॅन्सर होण्याची शक्यता 60 टक्क्यांच्या आसपास निघाली. शिवाय अशा लोकांचा कॅन्सर लवकर पसरणारा असतो.

खरी मेख पुढे आहे. बीआरसीए-2 हा 13 व्या गुणसूत्रावर असतो, बापाकडून फक्त मुलाला मिळणाऱ्या वाय गुणसूत्रावर नाही. म्हणजे दोष आईत असो की वडिलांत, प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी. वडील, चुलते सगळे ठणठणीत, म्हणून आपल्याला धोका नाही असं समजणारा माणूस इथेच फसतो. मावशी चाळिशीत स्तनाच्या कॅन्सरने गेली, आईच्या आईला पोटात गाठ होती, आणि आईला स्वतःला काहीच झालं नाही, तरी तिच्यातला दोष पोरात आलेला असू शकतो. उलटही होतं. बापाला कधी काही झालं नाही, पण त्याच्याकडून तो लेकीकडे गेला.

आपल्याकडे अडचण जीनच्या आधी सुरू होते. "वडिलांना कॅन्सर होता का?" एवढं डॉक्टर विचारतात, आपण नाही म्हणतो अन् विषय संपतो. आत्याला नेमकं काय झालं होतं, हे घरातल्या कर्त्या माणसालाही सांगता येत नाही. "गाठ झाली होती", "अंगावर काढलं तिने", एवढंच. काही घरांत तर मुद्दाम लपवतात, पोरीचं लग्न जमायचं नाही म्हणून. पुरुष लघवीच्या तक्रारी लाजेपोटी सांगत नाहीत, बायका छातीतली गाठ सांगत नाहीत. एकाच घरातला एकच दोष, पण दोन्ही टोकं कधी जुळतच नाहीत.

मग शिबिरात सगळ्यांचीच पीएसए केली तर बरं नाही का? वाटतं तेवढं सोपं नाही. पीएसए हे रक्तातलं प्रोस्टेटचं प्रोटीन. कॅन्सरमध्ये ते वाढतं, पण वयोमानाने प्रोस्टेट फुगलं किंवा लघवीचं इन्फेक्शन झालं तरी वाढतं. युरोपात 23 वर्षं चाललेल्या मोठ्या अभ्यासाचा निकाल 2025 मध्ये आला. 456 पुरुषांना तपासणीला बोलावलं तेव्हा एकाचा प्रोस्टेट कॅन्सरने होणारा मृत्यू टळला. जीव वाचतो हे खरंच. पण ज्यांचा कॅन्सर आयुष्यभर निवांत पडून राहिला असता, अशांचीही बायोप्सी अन् ऑपरेशनं होतात. लघवी न थांबणं, नपुंसकत्व हे त्यांच्या वाट्याला येतं. म्हणून धोका जास्त कुणाला, हे आधी ओळखायचं.

2025 मध्येच ब्रिटनमधून लाळेच्या टेस्टचीही बातमी आली. त्यात 130 बारीक-बारीक जनुकीय फरकांची बेरीज करून धोका काढतात. निकाल चांगले आहेत, पण ती बेरीज युरोपियन वंशाच्या पुरुषांवर बसवलेली आहे. असा किट इथे कुणी विकायला आलाच तर हे ध्यानात ठेवा.

स्तनाचे बहुतेक कॅन्सर आनुवंशिक नसतात, साधारण 5 ते 10 टक्केच असतात. त्यामुळे घरात एक केस झाली म्हणून घाबरून जाऊ नका. पण एकाच बाजूच्या नात्यात दोन-तीन जणांना स्तन, अंडाशय किंवा प्रोस्टेटचा कॅन्सर झाला असेल, किंवा कुणाला तो पन्नाशीच्या आत झाला असेल, तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा. जीनची टेस्ट रक्तावर किंवा लाळेवर होते. स्वस्त नाही, आणि तालुक्याच्या गावी मिळणंही अवघड. टाटा मेमोरियलच्या खारघर केंद्रात कॅन्सर जेनेटिक्सचा विभाग आहे. एक लक्षात असू द्या, शक्यतो टेस्ट आधी आजारी माणसाची करतात. त्याच्यात दोष सापडला तरच बाकीच्यांची तेवढ्यापुरती तपासणी करता येते. म्हणून मावशी किंवा काका हयात असतील तर त्यांना सोबत न्या. नसतील, तर माळ्यावर पडलेली त्यांची जुनी फाईल काढा, त्यातला बायोप्सीचा कागद डॉक्टरांना लागेल.