सड्याचा नकाशा आणि माझी सही

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी गावाहून चुलतभावाचा फोन आला. ख्यालीखुशाली झाली, काकूच्या गुडघ्याचं झालं, आंब्याचा भाव कसा पडला ते झालं, आणि मग दादा मुद्द्यावर आला. आमच्या सामाईक सात-बारावर सड्याचा एक मोठा तुकडा आहे. तो घ्यायला एक जण तयार आहे. त्याला तिथं चिरेखाण काढायची आहे. बाकी सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या झाल्या, माझी तेवढी राहिली. "अरे, पोटखराबाच तो. गवत सोडून काय उगवतं तिथं? तू कौन्सुलेटमधून कागद साक्षांकित करून पाठव, की झालं."

दादा खोटं बोलत नव्हता. सात-बारावर पोटखराबाच लिहिलंय. म्हणजे लागवडीला नालायक, आकार शून्य. लहानपणी आम्हीही सड्याकडे असंच बघत होतो. उन्हाळ्यात पाय भाजायचे, आणि शेणी वाळत घालण्यापलीकडे त्याचा कुणाला उपयोग दिसत नसे.

तरी मी "बघतो" म्हणालो, आणि दादाला ते आवडलं नाही. मी का थांबलो, ते इथं लिहितोय, कारण या पानाच्या वाचकांपैकी कितीतरी जणांची नावं अशाच एखाद्या सामाईक उताऱ्यावर असणार आणि असाच फोन त्यांनाही आला असणार किंवा येणार.

मी बॉस्टनच्या पश्चिमेला एका छोट्या गावात राहतो. तिथल्या कॉन्झर्व्हेशन कमिशनचा मी सभासद आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये गावोगाव अशी कमिशनं असतात. सभासद बिनपगारी, म्हणजे आपल्यासारखेच नोकरदार, निवृत्त मास्तर, एखादा सुतार. ओढा, दलदल, तळं यांच्या काठापासून १०० फुटांच्या आत कुणाला बांधकाम करायचं असेल, तर त्यानं आमच्यापुढे यायचं असा राज्याचा कायदा आहे. पहिले सहा महिने मला काहीच कळत नव्हतं. मग एका जुन्या सभासद बाईंनी माझ्यापुढे गावाचा एक नकाशा पसरला. कुठे गडद रंग, कुठे फिका, कुठे कोराच.

हा नकाशा राज्य विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्टमधल्या मंडळींनी तयार केलेल्या पद्धतीतून आलेला आहे. त्या पद्धतीचं नाव 'कॅप्स'. सगळं राज्य ३० मीटर लांब-रुंद चौकटींत कापायचं आणि प्रत्येक चौकटीला शून्य ते एक यांच्यामध्ये एक आकडा द्यायचा. त्या आकड्याला ते परिसंस्थेच्या अखंडतेचा निर्देशांक म्हणतात. सोप्या मराठीत, ही जागा अजून किती धड आहे? आजूबाजूला किती डांबर झालंय, रस्त्यावर किती गाड्या धावतात, जवळपास तशीच जमीन शिल्लक आहे का, आणि इथला प्राणी चालत चालत तिथपर्यंत पोचेल का, की मध्ये हायवे आडवा येतो? पाण्याच्या बाबतीत मोरीतून मासा वर चढू शकतो का, हेसुद्धा त्यात येतं. कुठली मोरी मोठी केली की ओढा सर्वांत जास्त जोडला जाईल, हेही याच गणितातून काढतात. प्राणी मोजत बसायचे नाहीत, घर शाबूत आहे का ते बघायचं.

मला त्या नकाशातली एक गोष्ट सर्वांत शहाणपणाची वाटली, आणि दादाचा फोन आला तेव्हा तीच आठवली. तिथं दलदलीची तुलना दलदलीशी होते, ओक-पाइनच्या रानाची तुलना तसल्याच रानाशी. दलदलीला कुणी "तुझ्यात झाडं कमी आहेत" म्हणून नापास करत नाही. प्रत्येकानं आपापल्या जातीत किती चांगलं टिकून राहायचं, एवढीच परीक्षा.

यात एक गंमत आहे. न्यू इंग्लंडच्या रानात फिरताना जागोजाग दगडी गडगे लागतात. आपल्या कोकणातले असतात तसेच, चिऱ्याऐवजी गोल धोंड्यांचे. दाट झाडीत गडगा कशाला? कारण दीड-दोनशे वर्षांपूर्वी तिथं रान नव्हतंच, शेतं आणि मेंढ्यांची कुरणं होती. पुढे शेतकरी पश्चिमेकडे गेले, गिरण्यांत गेले, आणि रान परत आलं. आज निम्म्याहून जास्त राज्य झाडीखाली आहे. त्यामुळे 'अखंड' म्हणजे 'माणसाचा हात न लागलेलं' असा अर्थ कुणी काढू नये. गुरं चरली, गवत कापलं, म्हणून जागा बाद होत नाही. ती बाद होते तिचा आधारच खरवडून काढला की.

आता सड्याकडे येऊ. जांभा कातळाचं ते विस्तीर्ण पठार मार्चमध्ये करपलेलं, तपकिरी. जुलैत त्याच कातळावर बोटभर मातीत आणि खळग्यांत साठलेल्या पाण्यात आठवड्याला रंग बदलतो. निळी-जांभळी सीतेची आसवं दिसतात. ती कीटक खाणारी वनस्पती आहे हे मला अमेरिकेत आल्यावर कळलं, घरापासून चार फर्लांगावर असताना नाही. तेरडे येतात. पांढरी दीपकाडी येते, जी जगात फक्त आपल्या कोकणपट्टीच्या सड्यांवर होते. कास पठाराला २०१२ साली पश्चिम घाटाच्या इतर जागांबरोबर जागतिक वारशाचा मान मिळाला, आणि तेव्हापासून तिकीट काढून फुलं बघायला रांगा लागतात. कोकणातले सडे त्याच कुटुंबातले, फक्त खाली राहिलेले. त्यांच्याकडे कुणी रांग लावत नाही. फार तर अलीकडे कातळशिल्पांमुळे चार माणसं वर चढू लागली.

आमच्या कमिशनच्या हद्दीत रानामध्ये काही खड्डे आहेत. वसंतात बर्फ वितळलं की भरतात, उन्हाळ्यात आटतात. मासे नाहीत, म्हणून बेडूक आणि ठिपक्यांचे सॅलॅमँडर तिथंच अंडी घालतात. मार्च-एप्रिलच्या पहिल्या उबदार पावसाच्या रात्री ते रस्ता ओलांडतात आणि गावकरी टॉर्च घेऊन गाड्या थांबवायला उभे राहतात. अ‍ॅमहर्स्टमध्ये तर १९८७ साली त्यांच्यासाठी रस्त्याखालून बोगदे केले. या डबक्यांत फेअरी श्रिंप नावाचा कोळंबीसारखा एक इवला जीव असतो, पाठीवर पोहतो. डबकं आटलं की त्याची अंडी चिखलात कोरडी पडून राहतात, पुन्हा पाणी आलं की फुटतात. याच गोतावळ्यातली एक जात आपल्या सह्याद्रीच्या कातळावरच्या पावसाळी डबक्यांत सापडलीय, आणि तिच्या शास्त्रीय नावात 'सह्याद्री' आहे. इकडे डबक्यात हा जीव दिसला की त्याचा फोटो काढून कुणीही सामान्य नागरिक राज्याकडे नोंदणीसाठी पाठवू शकतो. तिकडे त्याच कुटुंबातल्या जिवाचं घर उताऱ्यावर पोटखराबा म्हणून बसलंय.

नकाशे आपल्याकडे झालेच नाहीत असं नाही, उलट बरेच झाले. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं २०११ मध्ये सगळा पश्चिम घाट साधारण ९ किलोमीटर लांब-रुंद चौकटींत मांडला, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे तर तिनं मुद्दाम लक्ष द्यावं असं तिला सांगितलंच होतं. मग २०१३ मध्ये कस्तुरीरंगन गटानं उपग्रहाच्या २४ मीटरच्या चित्रांवरून जवळपास ६० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे घाटाचा ३७ टक्के भाग, 'संवेदनशील क्षेत्र' म्हणून वेगळा काढला. २०१४ ते २०२४ या दहा वर्षांत केंद्रानं अधिसूचनेचे सहा मसुदे काढले. शेवटच्याची तारीख ३१ जुलै २०२४, वायनाडमध्ये दरड कोसळल्याच्या दुसऱ्या दिवसाची. त्यात महाराष्ट्राचं क्षेत्र १७,३४० चौरस किलोमीटर आहे.

यातल्या कुठल्याही नकाशात आमचा सडा नीट दिसेल असं मला वाटत नाही. ९ किलोमीटरच्या चौकटीत अख्खं गाव, शेजारचं गाव आणि मधली खाडी एका रंगात जाते. उपग्रहाचं म्हणाल, तर पावसाळ्यात कोकणावर ढग, म्हणून चित्र घ्यायचं ते उघडिपीत, आणि उघडिपीत सडा म्हणजे नुसता दगड. पडीक जमिनींच्या सरकारी नकाशांत असे कातळ 'ओसाड खडकाळ' या रकान्यात जातात ते यामुळेच. जंगल शोधायला निघालेल्या नजरेला सडा नापासच दिसणार. त्याची तुलना दुसऱ्या सड्याशी करायला हवी, तीही ऑगस्टमध्ये.

दुसरी अडचण माणसांची. हे नकाशे गावात पोचले ते अफवा बनून. घर दुरुस्त करता येणार नाही, कलम लावता येणार नाही, गुरं सोडता येणार नाहीत. गाडगीळ समितीनं आपल्या मर्यादा ग्रामसभांपुढे ठेवून ठरवाव्यात असं म्हटलं होतं, पण अहवालच बाहेर यायला पुढचं वर्ष उजाडलं आणि तोवर ज्याला जे पसरवायचं ते पसरवून झालं होतं. तरीही याच सिंधुदुर्गातल्या २५ गावांच्या ग्रामसभांनी आमचं गाव संवेदनशील क्षेत्रात घ्या असे ठराव केले होते, हे त्या अहवालातच नोंदलेलं आहे. म्हणजे नकाशा लोकांना नकोच असतो, हेही खरं नाही. त्यांना न विचारता काढलेला नकाशा नको असतो. मला विचाराल तर वरून बंदी घालणारा रंगीत कागद मलाही नको. आमच्या इथल्या त्या नकाशाच्या गडद रंगानं जमीन कुणाची जात नाही, त्याचं काम इतकंच की पुढची सुनावणी डोळे उघडे ठेवून व्हावी.

मग आपल्याकडे असं काही आहे का? आहे, फक्त कुणी उघडून बघत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत एक समिती आणि एक लोक जैवविविधता नोंदवही सांगितलीय. मुदतीच्या धाकानं घाईत भरलेल्या वह्या किती खऱ्या, ते गावात जाऊन पान उलटल्यावरच कळेल. पण वही सुधारता येते. आणि त्याच कायद्याखाली दोन एकर-पाच एकरांची जागाही वारसा स्थळ होऊ शकते. २०२१ मध्ये आंबोलीची हिरण्यकेशी जाहीर झाली ती तिथल्या कुंडातल्या एका छोट्याशा माशामुळे, आणि दोडामार्गात बांबर्डेची रानजायफळाची दलदल झाली. तशी वहीत नोंद आहे म्हणून खाण आपोआप थांबत नाही, एवढा भाबडा मी नाही. पण नोंदच नसेल तर 'इथं काय होतं' हे सांगायला पुढे कुणी उरत नाही.

दादाची बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे लिखाण अप्रामाणिक होईल. त्याला पैसे हवेत. घराचं छप्पर गळतंय, धाकटीची इंजिनिअरिंगची फी आहे. तो मला फोनवर म्हणाला ते लागलं, कारण खरं होतं: "तू तिकडे डबकी वाचवतोस, तुला परवडतं. मी इथं राहतो." परदेशात बसून गावाला पर्यावरण शिकवणारा नातेवाईक हा प्रकार मलाही सहन होत नाही. आपण डॉलर कमवायचे आणि त्यांनी फुलं सांभाळायची, हा कुठला न्याय? म्हणून नुसती सही अडवून बसणं मला पटलं नाही. फीचं मी बघतो, असं त्याला सांगितलं. छपराचंही निम्मं.

पण एक गोष्ट त्यालाही मान्य करावी लागली. सड्याच्या पायथ्याशी आमची वाडी आहे, आणि वाडीची विहीर मे अखेरपर्यंत पाणी देते. ते पाणी येतं कुठून? जांभा सच्छिद्र, पावसाचं पाणी पितो आणि महिनोन्‌महिने खालच्या झऱ्यांना सोडत राहतो. चिरेखाण म्हणजे तोच जांभा वीस-पंचवीस फूट कापून ट्रकमधून पाठवणं. शेजारच्या वाडीवर खाण झाल्यापासून तिथली विहीर मार्चमध्येच तळ दाखवते, हे दादानंच दोन वर्षांपूर्वी मला सांगितलं होतं. मी आठवण करून दिली तेव्हा तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ते आहेच रे."

तर सध्या असं ठरलंय. पावसाळा संपेपर्यंत कागद कुणी हलवायचा नाही. पुतणी फोन घेऊन दर पंधरा दिवसांनी वर जाणार, गट नंबरच्या हद्दीतल्या प्रत्येक डबक्याचा फोटो जागेच्या खुणेसकट काढणार. तिला हे काम आवडलंय, निदान सुरुवातीला तरी. मी इथं बसून ते नकाशावर लावतोय. अ‍ॅमहर्स्टच्या गणितातलं काही नाही त्यात, साधे ठिपके आहेत. जूनअखेरीस ११ झाले. उरलेल्या चार हिस्सेदारांत एक दुबईला, एक मेलबर्नला, दोघे ठाण्यात. त्यांना मी ते ठिपके पाठवले. दुबईच्या भावानं अंगठा दाखवला, मेलबर्नच्या बहिणीनं विचारलं, "हे सगळं आपल्या सड्यावर?" ठाण्याहून अजून उत्तर नाही, आणि तिथंच खरी अडचण येणार असं दिसतंय, कारण त्यांनी बयाणा घेतलाय.

गणपतीला मी जाणार आहे. चौदा वर्षांनी पावसात गाव बघीन. वही बघायला पंचायतीत जायचं आहे, आणि त्याआधी दादाबरोबर वर. तो म्हणाला, ये, पण तिकडले बूट घालून चढू नकोस, कातळ शेवाळलेला असतो, घसरून पडशील.