डोळ्याची जखम आणि ड्युटीची वेळ



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शेडमधला एक फिटर ग्राइंडरवर असताना त्याच्या डोळ्यात कण गेला. शेजारच्याने रुमालाच्या टोकाने तो काढला. साहेब म्हणाले, "माणूस कमी आहे, शिफ्ट संपव आणि जा." शिफ्ट संपेपर्यंत दवाखाना बंद झाला होता. दुसऱ्या दिवशी त्याने दुकानातून थेंब आणून घातले आणि लाली गेली. चौथ्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका दिसला. तो डाग कायमचा राहिला. मेडिकलमध्ये कॅटेगरी गेली आणि हातात कसब असलेल्या माणसाला हलक्या कामावर बसावे लागले.

दोष कणाचा की वेळेचा? माझे मत स्पष्ट आहे. डोळा स्वतःला बरा करतो, आपण त्याला वेळ देत नाही.

बुबुळावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, त्याला कॉर्निया म्हणतात. त्यात रक्तवाहिन्या नसतात. मग जखम भरते कशी? पडद्याची वरची कातडी खरचटली की कडेच्या पेशी सरकत येऊन जागा झाकतात, मग नव्या पेशी तयार होतात. साधे खरचटणे बहुधा एक ते तीन दिवसांत भरते. पेशींना "सरका, वाढा" असा हुकूम देणारी द्रव्ये अश्रूंतही असतात. त्यांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात. अमेरिकेत स्टॅनली कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथीतला अर्क नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना टोचला, तेव्हा पिल्लांचे डोळे वेळेआधी उघडले. त्यातून असे एक द्रव्य हाती लागले. कोहेन आणि रीटा लेव्ही-मोन्टाल्चिनी यांना १९८६ चे नोबेल मिळाले ते याच विषयावर.

निसर्गाने डोळ्याला असा फिटर फुकट दिला आहे. त्याच्या कामात खोडा घालतो तो आपण. बधिर करणाऱ्या थेंबांनी वेदना थांबते, पण पेशी मरतात आणि जखम उघडी राहते. स्टिरॉइडच्या थेंबांनी लाली जाते, पण जखम भरणे लांबते आणि जंतूंना, बुरशीला रान मोकळे होते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय असले थेंब घालू नका. रुमाल, काडी तर लावूच नका.

वेळेचा हिशेब नेपाळमधल्या भक्तपूरच्या पाहणीने मांडला आहे. ती २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. डोळा खरचटलेल्या गावकऱ्यांना तीन दिवस क्लोरॅम्फेनिकॉलचे साधे मलम दिले. १८ तासांच्या आत आलेल्या २८४ जणांपैकी एकाच्याही बुबुळावर फूल पडले नाही. २४ ते ४८ तासांनी आलेल्या ४९ जणांपैकी १४ जणांना मात्र जखम चिघळून व्रण झाला. मलम तेच, माणसेही त्याच भागातली. फरक पडला तो उशिराचा. साहेबांनी हा आकडा ऑफिसच्या भिंतीवर लावावा!

जखम आठवडेच्या आठवडे भरतच नसेल तर डॉक्टर रोग्याच्याच रक्तातून सीरम वेगळे करून त्याचे थेंब देतात. त्यात अश्रूंसारखेच ग्रोथ फॅक्टर असतात. स्वच्छ प्रयोगशाळा, सेंट्रिफ्यूज आणि फ्रीज एवढी त्याची गरज. नर्व्ह ग्रोथ फॅक्टरचे तयार थेंबही निघाले आहेत. युरोपात २०१७ आणि अमेरिकेत २०१८ मध्ये त्यांना परवानगी मिळाली. पण त्यांची किंमत कामगाराच्या कुवतीबाहेरची आहे. म्हणून आपल्या मोठ्या हॉस्पिटलांत सीरमच्या थेंबांची सोय हवी, आणि ती रोग्याने मागण्याआधी हवी.

आमच्या मागण्या साध्या आहेत. ग्राइंडर, वेल्डिंग, खडी आणि बॅटरीच्या कामावर डोळ्याला नीट बसणारे, स्वच्छ दिसणारे गॉगल द्या. कामाच्या जागी डोळे धुण्याचा नळ द्या. चुना किंवा ॲसिड उडाले तर त्याच क्षणी निदान १५ मिनिटे धुवायचे असते, तिथे बादली शोधत फिरायचे का? डोळ्याला मार बसलेल्या माणसाला तिथल्या तिथे मेमो देऊन सोडा आणि ड्युटीवरची इजा म्हणून नोंद करा. पार्सलची तुटलेली पट्टी डोळ्यावर बसलेल्या पोस्टातल्या बंधूलाही हाच नियम लावा. १९४८ च्या कारखाना कायद्यात ३५ वे कलम डोळ्यांच्या रक्षणासाठीच घातले होते. म्हणजे आम्ही भीक मागत नाही.

आता थोडे आपल्याविषयी. गॉगल कपाळावर ठेवून काम करणारे आपणच आहोत. "एवढ्याशा कणाला काय होते" म्हणणारेही आपणच. शाखांच्या सभासदांनी एवढे तरी ठरवावे: सोबत्याच्या डोळ्यात काही गेले, तर त्याला हात धरून दवाखान्यात न्यायचे, शिफ्ट संपण्याची वाट पाहायची नाही. कोणी अडवले तर युनियनच्या ऑफिसात या. बाकीचे आम्ही पाहू.