‘वगैरे’ आणि ‘इत्यादी’ : शैलीविचारातील एक गैरसमज

शैली म्हणजे उपलब्ध पर्यायांतून केलेली निवड, ही शैलीविज्ञानातील व्याख्या आपल्या समीक्षेच्या इतकी अंगवळणी पडली आहे की, ती तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. तिच्यात एक गृहीतक दडलेले आहे. आशय आधीच तयार असतो आणि लेखक त्याला शोभेलसा शब्द मागाहून उचलतो, असे ती मानते. मराठीतील दोन साधे शब्द घेतले तरी हे गृहीतक टिकत नाही.

‘इत्यादी’ आणि ‘वगैरे’ हे एकमेकांचे पर्याय समजले जातात. अरबी-फारसी वळणाच्या ‘वगैरे’च्या जागी संस्कृत ‘इत्यादी’ बसवला की भाषा शुद्ध झाली, अशी शुद्धिवाद्यांची धारणा. पण ‘त्याचे लग्न वगैरे झाले आहे’ हे वाक्य ‘इत्यादी’ घालून म्हणून पाहावे. ‘इत्यादी’ला मागे यादी लागते, ती अपुरी असली तरी तिचा वर्ग ठरलेला असतो. ‘वगैरे’ मात्र एकाच शब्दामागे उभा राहतो, त्याचे वजन उतरवतो आणि उरलेले ऐकणाऱ्यावर सोपवतो : तुला ठाऊकच आहे. म्हणजे या शब्दाबरोबर बोलणाऱ्याने आपला श्रोताही निवडलेला असतो. (निवड समितीपुढे बसलेला उमेदवार हा शब्द सहसा टाळतो, ते उगीच नव्हे.)

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’तील (१९६३) ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ यांना निव्वळ लकब म्हणणे म्हणूनच अपुरे ठरते. ‘उदाहरणार्थ’ हा पाठ्यपुस्तकातला शब्द. आधी नियम, मग दाखला. पांडुरंग सांगवीकर तो स्वतःच्या वयाला जोडतो तेव्हा दाखला उरतो आणि नियम नाहीसा होतो. वर्गात शिकवलेली भाषा वर्गाबाहेरच्या बोलण्यात अशी उलटवली जाते आणि वाचक, त्याची इच्छा असो वा नसो, त्या संभाषणातला श्रोता होऊन बसतो. पुढे ज्यांनी हे शब्द उचलले त्यांना हा श्रोता उचलता आला नाही. त्यांच्या लेखनात ती खरोखरच लकब झाली.

असे असताना आपल्याकडील प्रबंधिकांतून अमुक शब्द किती वेळा आला याचे तक्ते भरले जातात आणि त्या बेरजेला लेखकाचे व्यक्तिमत्त्व म्हटले जाते. ब्यूफाँने १७५३ साली फ्रेंच अकादमीतील भाषणात शैली म्हणजेच माणूस असे मानले होते, त्या मताचाच हा आकडेवारीतला अवतार. मोजण्याला आमचा विरोध नाही. शब्द कोणाला उद्देशून आला, हा एक रकाना तक्त्यात वाढवावा, एवढीच मागणी आहे. तो भरू लागताच एकाच कादंबरीतले सारे ‘वगैरे’ एका बेरजेत बसेनासे होतील.