आधी टॅपेट कव्हर बघा!

संध्याकाळचे साडेसात. सिग्नल लाल. काचा खाली, एफएम चालू, आणि अचानक नाकात शिरतो जळक्या तेलाचा वास. तुम्ही पुढच्या टेम्पोकडे रागानं बघता. सिग्नल सुटतो, टेम्पो डावीकडे वळतो, वास मात्र तुमच्याबरोबर सरळ येतो. म्हणजे टेम्पो बिचारा निर्दोष. वास आपल्याच बॉनेटखालचा!

गाडी बाबांनी दिलेली मारुती ८०० असो, नाहीतर ऑफिसातल्या सीनियरकडून घेतलेली सेकंडहँड झेन, मनात पहिला विचार एकच येतो : इंजिन गेलं. दुसरा विचार : विकून टाकू. अशा घाबरलेल्या अवस्थेत माणूस गॅरेजला पोचला, की ‘साहेब, इंजिन खोलावं लागेल’ हे वाक्य त्याला लगेच पटतं. जरा थांबा. काही खोलायच्या आधी टॅपेट कव्हर बघा.

कुकरची रिंग आठवा

टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण. मॅन्युअलमध्ये त्याला व्हॉल्व्ह कव्हर किंवा हेड कव्हर म्हणतात, गॅरेजमध्ये मात्र टॅपेट कव्हरच. त्याच्याखाली कॅमशाफ्ट फिरत असतो, रॉकर वरखाली होत असतात आणि या सगळ्यावर सतत तेल उडत असतं. हे तेल झाकण आणि हेड यांच्यामधल्या फटीतून बाहेर येऊ नये म्हणून मध्ये रबराची पट्टी असते, फार जुन्या इंजिनात कॉर्कची. हे गॅस्केट. मेकॅनिकच्या भाषेत पॅकिंग.

घरच्या कुकरची रिंग कडक झाली की बाजूनं वाफ जाते, शिट्टी होत नाही. तेव्हा आपण रिंग बदलतो, कुकर भंगारात टाकत नाही. इथंही तेच. इंजिन रोज तापतं, रोज थंड होतं. काही वर्षांत रबर कडक होतं, चपटं होतं आणि तेल पाझरायला लागतं.

आपल्याकडे आणखी एक कारण असतं. ८००सारख्या जुन्या गाड्यांत टॅपेट सेटिंग करावं लागतं, आणि त्यासाठी हे कव्हर दर वेळी उघडावं लागतं. सेटिंग झालं की पुष्कळदा तेच जुनं पॅकिंग परत बसवतात, वर सिलिकॉनची पेस्ट थापतात आणि बोल्ट जीव खाऊन आवळतात. कव्हर पातळ पत्र्याचं असेल तर ते बोल्टपाशी दबतं, आणि दोन बोल्टच्या मधली कड उचलली जाते. म्हणजे लीक बंद करायला जेवढं आवळाल, तेवढा लीक वाढणार!

तेल खाली पळतं, नजर वर ठेवा

सकाळी पार्किंगमध्ये काळा ठिपका दिसला की आपण वाकून गाडीच्या खाली बघतो. मेकॅनिकही खालूनच बघतो आणि म्हणतो, ऑइल सील गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. पण तेल वरून खाली येतं. टॅपेट कव्हरमधून निघालेला ओघळ ब्लॉकवरून उतरत थेट चेंबरच्या तळाशी थेंब होऊन लटकतो.

म्हणून इंजिन थंड असताना बॉनेट उघडा आणि टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. कव्हरच्या कडेनं ओल किंवा काळा चिकट थर दिसतोय का? मागची, फायरवॉलकडची बाजू आरशानं बघा, बहुतेक चोर तिथंच लपलेला असतो. नीट कळत नसेल तर तो भाग स्वच्छ पुसून थोडी टाल्कम पावडर भुरभुरवा, गाडी चालवून आणा आणि परत बघा. पावडर जिथं ओली, तिथं लीक. जुन्या गाडीत डिस्ट्रिब्युटर हेडलाच लागून असेल, तर त्याच्या ओ-रिंगवरही नजर टाका. तीही असाच ओघळ सोडते.

‘थोडंसंच तर गळतंय’ म्हणून सोडून देऊ नका. एक, हे तेल गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडलं तर धूर होतो, आणि फारच दुर्लक्ष केलं तर आग लागू शकते. दोन, सोळा व्हॉल्व्हच्या बऱ्याच इंजिनांत स्पार्क प्लग कव्हरच्या मधोमध खोल विहिरीत बसतात. तिथली सील गेली की विहिरीत तेल साचतं आणि गाडी मिसिंग करते. तीन, आणि सगळ्यात महागडं : लेव्हल हळूहळू खाली जाते आणि कुणी डिपस्टिक काढून बघतच नाही. ऑइलचा लाल दिवा लागला तेव्हाही तुम्ही हायवेवर पुढे जात राहिलात, तर मात्र इंजिन खरंच खोलावं लागेल.

काम कसं होतं?

पॅकिंग साधारणपणे काही शे रुपयांत मिळतं. पुण्यात असाल तर नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत विचारा. मॉडेल, वर्ष आणि कार्ब्युरेटर की एमपीएफआय एवढं सांगा. शेवटची ८०० जानेवारी २०१४ मध्ये तयार झाली, पण रस्त्यावर एवढ्या गाड्या आहेत की असे पार्ट शोधायला वणवण करावी लागत नाही. बोल्टखालचे रबरी वॉशर आणि असतील तर प्लगच्या विहिरींच्या सीलसुद्धा त्याच वेळी घ्या.

स्वतः करायचं असेल तर रविवारची सकाळ पुरते. इंजिन पूर्ण थंड हवं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. एअर क्लीनर आणि ब्रीदरचा पाइप बाजूला करा. प्लगच्या वायरींना नंबर चिकटवा. कव्हरच्या आजूबाजूची माती आधीच पुसा, नाहीतर ती सगळी इंजिनात जाईल. बोल्ट काढल्यावर कव्हर चिकटून बसलं असेल तर रबरी हातोडीनं हलकेच ठोका. पेचकस घालून उचकटू नका, अॅल्युमिनियमवर पडलेला एक ओरखडा म्हणजे लीकला नवीन वाट.

जुनं पॅकिंग आणि वाळलेली पेस्ट प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडा. तुकडे आत पडू देऊ नका. मग स्टीलची फूटपट्टी कव्हरच्या कडेवर उभी धरा. खालून उजेड दिसला तर कव्हर वाकलंय. वाकलेल्या किंवा तडा गेलेल्या कव्हरवर नवीन पॅकिंग लावणं म्हणजे पैसे पाण्यात. अशा वेळी कव्हरच बदला. नवीन मिळालं नाही तर कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारात सरळ कडेचं बघून घ्या.

दोन्ही कडा कोरड्या करून पॅकिंग खाचेत नीट बसवा. सिलिकॉन सगळीकडे नको. मॅन्युअलनं सांगितलेल्या कोपऱ्यांवर फक्त एक थेंब. बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, दोन फेऱ्यांत आवळा. बऱ्याच लहान गाड्यांत इथला टॉर्क साधारण १० न्यूटन मीटरच्या आसपास असतो, म्हणजे मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. मग तेलाची लेव्हल पूर्ण करा, गाडी दहा मिनिटं आयडलला ठेवा आणि कडा परत तपासा.

हात काळे करायचे नसतील तर गॅरेजमध्ये दोनच गोष्टी सांगा : ‘भाऊ, पॅकिंग नवीनच टाका, पेस्टवर भागवू नका. आणि कव्हर उघडलंच आहे, तर टॅपेटही सेट करून घ्या.’ दुसऱ्या वाक्यानंतर साहेबाला थोडंफार कळतं, हे भाऊंच्या लक्षात येतं.

आणि तरीही गळलं तर?

नवीन पॅकिंग महिन्याभरात परत गळलं, तर दोष पॅकिंगचा नसेल. इंजिनातला वाफारा बाहेर काढणारा ब्रीदर किंवा पीसीव्ही व्हॉल्व्ह चोंदला की आतला दाब तेल बाहेर ढकलतो. तो साफ करणं किंवा बदलणं फार खर्चाचं नाही. पण ब्रीदर मोकळा असूनही चालू इंजिनाचं तेलाचं झाकण काढल्यावर भकाभका धूर येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्याची शंका घ्या आणि कॉम्प्रेशन तपासून घ्या.

विकायचं की ठेवायचं, हा विचार तेव्हा करा. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांनी नवं करावं लागतं आणि त्याची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून थेट ५,००० झाली. रिंगांचं काम, ही फी आणि पुढची पाच वर्षं, असा सगळा हिशेब कागदावर मांडा. कॉम्प्रेशन चांगलं असेल तर गाडी ठेवा. नसेल तर गिऱ्हाइकाला खरं सांगून विका. पण निव्वळ जळक्या वासाला घाबरून बाबांची गाडी मातीमोल भावात देऊ नका. दोन्ही निर्णयांच्या आधी एक नवीन पॅकिंग आणि एक रविवार, एवढा तिचा हक्क आहे!