दुर्मिळ बंदुकीसाठी रात्रपाळी

भिलाईत 'पाळी' म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. १९५९ साली पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हापासून इथल्या अनेक घरांची जेवणखाण आणि झोप पाळीच्या घड्याळावर चालत आली आहे. कारखान्याच्या सेक्टरांबाहेरच्या वैशालीनगरातही, वडील रात्रपाळीहून येऊन झोपले की आवाज करायचा नाही, हे मुलांना न सांगता कळते. अलीकडे अशा घरांत आणखी एक रात्रपाळी सुरू झाली आहे. बारावीतला मुलगा रात्री साडेअकराला कानात हेडफोन घालून बसलेला असतो. आई विचारते, "अरे, झोपायचं नाही का?" उत्तर येते, "आई, रविवारी सीझन संपतोय. अजून सहा लेव्हल बाकी आहेत!"

सहा लेव्हल म्हणजे काय, हे आईला कळत नाही आणि समजावून सांगायला मुलाला वेळ नसतो.

प्रकार साधा आहे. 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया', म्हणजेच मुलांच्या तोंडी असलेला बीजीएमआय, हा खेळ फुकट खेळता येतो. पण त्यात कामे नेमून दिलेली असतात. इतके सामने खेळा, अमक्या बंदुकीने इतके गडी टिपा. कामे केली की गुण, गुणांवर पायरी आणि पायरीवर बक्षीस. ठरलेल्या मुदतीत पायऱ्या चढल्या नाहीत, तर बक्षीस हुकते. खेळाडू याला 'ग्राइंड करणे' म्हणतात. आपल्याकडचा 'दळण' हा शब्द त्याला अगदी चपखल बसतो. फरक इतकाच, की जात्यातून पीठ तरी निघते. इथे निघतो तो बंदुकीचा नवा रंग किंवा अंगावरचा नवा पोशाख.

आजीचा लुडो

त्याच घरात दुपारी आजी मोबाइलवर लुडो खेळत असते. तिचा 'लुडो किंग' नवी मुंबईच्या गेमशन टेक्नॉलॉजीज या कंपनीने २०१६ साली आणला आणि २०२० च्या टाळेबंदीत तो घरोघरी पोहोचला. सारीपाटाच्या सोंगट्या हाताळलेल्या पिढीला त्यात शिकण्यासारखे काहीच नव्हते. फासा टाकायचा, सोंगटी पुढे सरकवायची. कुकरची शिट्टी झाली की उठायचे. महिनाभर खेळ उघडला नाही, तरी आजीचे काही बिघडत नाही. जाहिराती आणि रोज येण्याचे आमिष तिथेही आहेच, पण ते आजीला रात्री जागवत नाही.

मग सगळेच खेळ असे सोपे का करत नाहीत? यावर खेळाडूंमध्येच मोठा वाद आहे, आणि कष्टाने मिळवणाऱ्यांची बाजू अगदीच पोरकट नाही. ज्यांनी लहानपणी च्युइंगमच्या पुडीतून निघणारी क्रिकेटपटूंची चित्रे जमवली, त्यांना ती सहज पटेल. वर्गात एकाकडेच असलेले चित्र सर्वांना फुकट वाटले असते, तर कोणी विचारले असते? ज्या मुलाला शाळेत कोणी फारसे ओळखत नाही, त्याला चार सोबती दुर्मिळ बंदुकीवरून नावाने हाक मारतात. हा मान त्याच्यासाठी खरा असतो. 'त्यात काय एवढं?' असे म्हणणाऱ्या वडिलांना त्याच्या वयाचे आपले दिवस आठवत नाहीत, एवढेच म्हणावे लागेल.

पण कष्टालाही काही प्रमाण हवे. नोव्हेंबर २०१७ मध्ये 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' हा खेळ येत असताना डार्थ वेडर हे पात्र मिळवण्यासाठी ६०,००० गुणांची अट होती. त्याला सुमारे ४० तास लागतील, असा हिशेब खेळाडूंनी मांडला. तोही पूर्ण पैसे मोजून घेतलेल्या खेळात! ओरड एवढी झाली की कंपनीने ही अट १५,००० वर आणली आणि खेळाच्या आत पैसे घेऊन होणारी विक्रीही तेव्हा थांबवली.

शंभर पेट्या, रिकामे हात

खरा धोका दळणाहून वेगळा आहे. काही वस्तू कितीही पायऱ्या चढल्या तरी मिळत नाहीत. त्या बंद पेटीतून नशिबाने निघतात. एम-४१६ बंदुकीचा 'ग्लेशियर' हा बर्फासारखा रंग अशाच पेटीतून आला आणि मुलांमध्ये गाजला. त्याने गोळी अधिक जोरात लागते असे मुळीच नाही. समजा, एखाद्या पेटीत हवी ती वस्तू निघण्याची शक्यता शंभरात एक आहे. मुलाला वाटते, शंभर पेट्या उघडल्या की झाले. प्रत्यक्षात शंभर पेट्या उघडणाऱ्या दर १०० जणांपैकी साधारण ३७ जण रिकाम्या हाताने परततात. दोनशे उघडूनही १३ जणांना काहीच मिळत नाही. मागच्या पेट्या रिकाम्या गेल्या म्हणून पुढची आपोआप भरत नाही. काही खेळांत ठराविक संख्येनंतर वस्तू हमखास देतात, पण तोवर पैसे गेलेले असतात.

म्हणूनच जपानने २०१२ साली अशा पेट्यांच्या एका प्रकाराला मनाई केली आणि २०१८ मध्ये बेल्जियमने काही खेळांतल्या पेट्यांना जुगार ठरवले. भारतात ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. २०२३ मध्ये 'महादेव' या सट्ट्याच्या अॅपमुळे भिलाईचे नाव देशभर गाजले, तेव्हापासून इथे फोनवरचा कोणताही खेळ दिसला की पालकांना धडकी भरते. पण सट्टा, बंद पेटी आणि नुसते दळण यांना एकाच माळेत ओवले, तर मुलगा पुढचे काहीच ऐकून घेत नाही.

मुलाला विचारायचेच तर हे विचारावे, की ही वस्तू खेळून मिळते की नशिबाने? पैसे कोणाच्या खात्यातून जातात? 'आत्ताच्या आत्ता ऊठ' म्हणण्यातही अर्थ नसतो. सामना अर्ध्या तासाच्या आसपास चालतो आणि मध्येच उठणे म्हणजे तीन सोबत्यांना तोंडघशी पाडणे. थांबायचे ते नवा सामना सुरू होण्याआधी ठरवावे. बीजीएमआयने २०२१ मध्ये १८ वर्षांखालील मुलांसाठी दिवसाला तीन तास आणि ७,००० रुपये अशी मर्यादा ठेवली होती. दिवसाला सात हजार! ही रक्कम कोणत्या घराचा महिन्याचा खर्च पाहून ठरवली, कोण जाणे. शिवाय खात्यात वय खरे लिहिले असेल, तरच ती लागू.

आणखी एक गोष्ट मुलाच्या तोंडूनच ऐकावी. २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी मोबाइलवर बंदी आली, ३० ऑक्टोबरला तो भारतात पूर्ण थांबला आणि वर्षानुवर्षे जमवलेले सारे एका दिवसात हाताबाहेर गेले. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आल्यावर जुना साठा नव्या खात्यात नेता येऊ लागला, पण त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंतच. जुलै २०२२ मध्ये हाही खेळ अॅपच्या दुकानांतून निघाला आणि मे २०२३ मध्ये परतला. या तारखा मुलाला तोंडपाठ असतात. त्या दिवसांत त्याचे काय काय गेले, हे तो सांगू लागला की मध्ये न बोलता ऐकून घ्यावे.